गॅस संपत नाही, गळतो

मागच्या वेळी आपण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोललो. त्यानंतर आलेल्या निरोपांमध्ये सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न होता : "एसीवर कधी लिहिणार?" शिमगा जवळ आला आहे. पेडण्यात ढोल वाजायला लागले की महिन्याभरात उकाडा सुरू होणार हे ठरलेलं. गावच्या घरातला एसी बिघडला तर मे महिन्यात मेकॅनिक मिळत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. म्हणून आजच लिहितो. पण आधीच सांगतो, ही माझ्या हुशारीची गोष्ट नाही. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सहा वाजता बाबांचा फोन आला. बाबा निवृत्त शिक्षक. सहा वाजता ते कुणालाही फोन करत नाहीत, त्यामुळे रिंग ऐकूनच पोटात गोळा आला. आजीला पहाटे उठवायला गेले तर ती नीट बोलत नव्हती. जीभ कोरडी, हात थंड, नाडी जलद. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि दुपारपर्यंत ती माणसांना ओळखायला लागली. डॉक्टर बाबांना म्हणाले, "चार रात्री झोप नाही, अंगातलं पाणी कमी झालंय. त्या खोलीत उकडतं का?"

उकडत होतं. एसी चार दिवस नुसता वारा फेकत होता. आजी ८४ वर्षांची, खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेक वेळ पलंगावरच. या वयात तहान कमी लागते आणि घामही नीट येत नाही, म्हणजे शरीराचं स्वतःचं थंड होण्याचं यंत्रच थकलेलं असतं. त्यात किनाऱ्यावरची दमट हवा. घाम आला तरी सुकत नाही, आणि सुकला नाही तर अंग थंड होत नाही. आपल्याला जो नुसता 'त्रास' वाटतो, तो अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतो. एसीला मी तोपर्यंत चैनीची वस्तू समजत होतो. त्या दिवसापासून आजीच्या खोलीतला एसी मी तिच्या औषधांच्या डब्याच्या रांगेत बसवला आहे.

नकाशाच्या कडेवरचं गाव

मी त्याच रात्री पुण्याहून निघालो. वाटेत कंपनीच्या सेवा केंद्राला फोन लावला. तेरेखोल गोव्यात आहे, पण नदीच्या पलीकडे. जमिनीने ते रेडीला, म्हणजे महाराष्ट्राला जोडलेलं. १७४६ साली पोर्तुगिजांनी हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि नदीपल्याडचा एवढासा तुकडा गोव्याच्या बाजूला राहिला. इतिहासाच्या पुस्तकात हे वाचायला बरं वाटतं, एसी बिघडल्यावर नाही. गोव्याच्या बाजूचा माणूस म्हणतो, "फेरी चुकली तर परत कसा येऊ?" केरीची फेरी ओहोटीला थांबते, आणि किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून यायचं तर मोठा वळसा पडतो. महाराष्ट्राच्या बाजूचा म्हणतो, "तुमचा पत्ता गोव्याचा, आमच्या हद्दीत येत नाही." आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्या परिस्थितीचा कुणी विचारच केलेला नसतो तिला 'एज केस' म्हणतात. आमचं अख्खं गाव म्हणजे एक एज केस आहे.

शेवटी शिरोड्याचा एक तरुण आला. आयटीआय केलेला, स्वतःची मोटरसायकल, मागे बांधलेली हत्यारांची पेटी. त्याच्या आधी दोन वर्षांत दोघे जण येऊन गेले होते. दोघांनीही "गॅस संपलाय" म्हणून गॅस भरला, पैसे घेतले आणि गेले. या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "याआधी कधी भरला होता?" बाबांनी वही काढली. बाबा रोज सकाळी सात वाजता विजेच्या मीटरचं रीडिंग वहीत लिहितात, आणि घरात झालेला प्रत्येक खर्चही. दोन्ही तारखा सापडल्या. त्या ऐकून मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, गॅस भरून उपयोग नाय. हयसून गळता."

त्याने बाहेरच्या युनिटच्या खालच्या वळणावर साबणाचं पाणी लावलं होतं. तिथे बारीक बुडबुडे येत होते.

एसीतला गॅस हा पेट्रोल नव्हे

आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. आत द्रवाची वाफ होताना खोलीतली उष्णता घेतो आणि बाहेर वाफेचं पुन्हा द्रव होताना ती उष्णता सोडतो. दहा वर्षांनंतरही तो तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता रोज हवा भरणं.

म्हणून मेकॅनिक "गॅस कमी आहे" म्हणाला की त्याला शांतपणे चार प्रश्न विचारा. गळती कुठे आहे ते दाखवतोस का? दुरुस्तीनंतर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते तपासणार का? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढणार का? आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का? युनिटच्या पट्टीवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. या चार प्रश्नांवर जो चिडतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

आमचा एसी २०१४ चा, त्यात आर-२२ नावाचा गॅस. हा ओझोनच्या थराला इजा करणाऱ्या गॅसांपैकी आहे. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर अशा गॅसांवर जगभर बंधनं आली. भारतातही आर-२२ टप्प्याटप्प्याने बंद होतोय आणि २०३० नंतर तो जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरताच, अगदी थोडा, शिल्लक राहणार आहे. शिवाय हवा तापवण्यात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या १८१० किलोंच्या बरोबरीचा. आमच्या यंत्रात सव्वा किलोच्या आसपास गॅस मावतो. म्हणजे एकदा पूर्ण गळला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी पाऊण किलोच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने ती एक गळती जवळजवळ तीन हजार युनिट विजेएवढी. घरातले दिवे बंद करत फिरणाऱ्या बाबांना हा हिशेब दाखवला तेव्हा ते बराच वेळ वहीकडे बघत बसले.

मीठ कुणालाच सोडत नाही

भोक पडलं का? त्याचं उत्तर माझ्याकडे बोट दाखवतं. २०१४ साली नोकरीतल्या पहिल्या बोनसातून मी हा एसी आजीसाठी घेतला. बाहेरचं युनिट कुठे लावायचं, तर आजीच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर, कारण नळी कमी लागते. समुद्र समोरच. मे महिन्यातल्या प्रत्येक दुपारी खारा वारा थेट त्या युनिटवर.

मागच्या लेखात आपण बघितलं होतं, दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी आलं की बॅटरी तयार होते. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांवर मिठाचा थर बसला, रात्री दव पडलं, की झाली बॅटरी. ही बॅटरी ॲल्युमिनियम खाऊन चालते. आमच्या युनिटच्या पट्ट्या हाताला लागताच पांढऱ्या भुकटीसारख्या गळून पडत होत्या. पट्ट्या गेल्या की उष्णता बाहेर टाकायला जागा राहत नाही, कॉम्प्रेसर जास्त जोर लावतो, बिल वाढतं, आणि तळाशी साचलेल्या खारट चिखलात शेवटी नळीही कुजते.

समुद्राजवळ घर असणाऱ्यांनी हे करावं :

बाहेरचं युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावू नका. नळी तीन मीटर जास्त लागली तरी चालेल. छपराची पुढे आलेली पडवी असेल तर तिच्याखाली लावा, पण चारी बाजूंनी हवा खेळायला जागा सोडा. 

दर पंधरा दिवसांनी एसी बंद करून, मेन स्विच काढून, साध्या गोड्या पाण्याने बाहेरची जाळी धुवा. झारीने, हलक्या धारेने. जोराचा फवारा मारला तर पट्ट्या वाकतात. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर नळाचं वापरा, नाहीतर मिठाला मीठ लावल्यासारखं होईल.

नवीन घेताना जाळीवर गंजरोधक लेप आहे का ते विचारा. दुकानदार त्याला निळी जाळी, सोनेरी जाळी अशी नावं देतात. रंगावर विसंबू नका, समुद्राजवळच्या वापराला हमी लागू आहे का ते कागदावर वाचा. 'कॉम्प्रेसरला दहा वर्षं' हे मोठ्या अक्षरात असतं. जाळी, गॅस आणि इलेक्ट्रॉनिक पट्टी यांची मुदत बारीक अक्षरात असते आणि किनाऱ्यावर आधी जातात ती हीच.

आणि नळीसाठी भिंतीला पाडलेलं भोक नीट बुजवा. त्या वाटेने पाल आत शिरते, इलेक्ट्रॉनिक पट्टीवर बसते, आणि एका पालीपायी हजारोंचा खर्च होतो. हसू नका, शेजाऱ्यांकडे झालंय.

दुरुस्ती की नवीन?

सगळेच बिघाड मोठे नसतात. एसीतून घरात पाणी टपकत असेल तर बहुतेक वेळा पाणी जाणारी नळी शेवाळाने तुंबलेली असते, ती साफ केली की झालं. आतल्या जाळीवर बर्फ जमत असेल तर आधी फिल्टर धुवून बघा, मग गॅसवर संशय घ्या. बाहेरचं युनिट नुसतंच गुरगुरतं आणि सुरू होत नाही, तेव्हा "कॉम्प्रेसर गेला" असं ऐकून घाबरू नका. जुन्या पद्धतीच्या एसीत बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो आणि तो काहीशे रुपयांत बदलतो.

मोठा खर्च समोर आला की मी स्वतःला चार गोष्टी विचारतो. यंत्राचं वय किती? किनाऱ्यावर आठ वर्षं म्हणजे म्हातारपण. गॅस कोणता? आर-२२ असेल तर त्यावर मोठा खर्च करू नये. दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे का? आणि वर्षातून किती तास चालतो? आमचं यंत्र पहिल्या तीन प्रश्नांतच नापास झालं. नवीन जाळी, जोडकाम, गॅस मिळून नव्या एसीच्या निम्मा खर्च सांगितला गेला. बदलायचं ठरलं.

आता मी, एक बीई झालेला माणूस, मोबाईलवर पाच तारेवाला दीड टनी एसी शोधायला लागलो. बाबांनी चष्मा वर केला. "आधीचाही दीड टनीच होता ना? मग आजी रात्री 'थंडी वाजता' म्हणून गोधडी घ्यायची आणि अर्ध्या तासाने 'अंग चिकचिकता' म्हणून काढायची, ते का?"

या प्रश्नाने मला गप्प केलं.

थंड करणं आणि सुकवणं

१९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने आधुनिक एसीचा पहिला आराखडा केला तो माणसांसाठी नव्हे, ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. त्याला हवेतली ओल काढायची होती. किनाऱ्यावर आपलं दुखणं तेच आहे. तेरेखोलचं मे महिन्यातलं तापमान नागपूरच्या मानाने काहीच नाही, ३३-३४ अंश. पण ओल इतकी की मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवावे लागतात.

एसी ओल कशी काढतो? आतली थंड जाळी म्हणजे फ्रिजमधून काढलेला पाण्याचा तांब्या. त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि नळीतून बाहेर जातं. पण त्यासाठी एसी सलग चालावा लागतो. १३० चौरस फुटांच्या खोलीत दीड टनी जुना एसी काय करायचा? दहा मिनिटांत खोली गार आणि कॉम्प्रेसर बंद. जाळीवरचं पाणी बाहेर पडायच्या आत पुन्हा हवेत मिसळायचं. खोली थंड, पण ओली. मग चिकचिकतं म्हणून बाबा १८ वर आणायचे, मग गोधडी. यंत्र मोठं होतं म्हणून आजी आजवर कधी आरामात झोपली नव्हती. हे अकरा वर्षांनी कळलं.

'टन' हा शब्द बर्फावरून आला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी, म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. आम्ही एक टनी इन्व्हर्टर एसी घेतला. इन्व्हर्टर एसी बंद-चालू होत नाही, गरजेप्रमाणे हळू होतो आणि चालत राहतो. पहिल्या रात्री मी नळीखाली बादली ठेवली. सकाळपर्यंत, नऊ तासांत, साडेनऊ लिटर पाणी. एक लिटर पाणी हवेतून काढायला ०.६८ युनिटएवढी उष्णता उचलावी लागते. ताशी एक लिटर धरला तर एक टनाच्या ताकदीतला जवळजवळ पाचवा हिस्सा नुसती हवा सुकवण्यात जातो. बाबांनी ती बादली तुळशीला आणि जास्वंदीला ओतली आणि वहीत 'पाणी : ९.५ लि.' अशी नोंद केली.

तापमान आम्ही २६ वर ठेवतो आणि पंखा हळू लावतो. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी मुळात २४ वर सुरू होतील असंच बनवावं लागतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या सांगण्याप्रमाणे तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. हवा कोरडी असेल तर २६ ला झोप लागते. ओली असेल तर २० लाही लागत नाही.

तारे मोजण्याआधी तास मोजा

एसीवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाला लागणाऱ्या युनिटचा आकडा असतो. तो १६०० तास चालेल असं धरून काढलेला असतो. हे बहुतेकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. एक टनी यंत्रात तीन तारे आणि पाच तारे यांच्यातला फरक दुकानात बघितला तर साधारण १७० युनिट होता. आजीचा वापर मी काढला : मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत रोज बारा तास आणि ऑक्टोबरमध्ये रोज दहा तास, मिळून १३०० तास. म्हणजे वाचणार वर्षाला १३८ युनिट. युनिटला ५ रुपये धरले तर ६९० रुपये. किमतीतला फरक होता साडेआठ हजार. तो भरून निघायला बारा वर्षं. खारा वारा तोवर थांबणार आहे का? आम्ही तीन तारे घेतले.

याचा अर्थ पाच तारे वाईट असा नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वर्षाला दोन हजार तास चालवणार असाल आणि युनिटला दहा-बारा रुपये मोजत असाल, तर हाच हिशेब उलटा होतो आणि पाच तारेच घ्यावेत. आकडे तुमचे टाका. आणि लेबलवर ते कोणत्या काळासाठी लागू आहे तेही छापलेलं असतं, ते बघा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या मालावरचे पाच तारे नव्या निकषांत चारही असू शकतात.

वाचलेले पैसे छपरात

साडेआठ हजार वाचले ते आम्ही एसीच्या डोक्यावर खर्च केले. आमचं घर मंगळुरी कौलांचं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. जुन्या घराची स्वतःची एक थंड राहण्याची रीत होती. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची आणि खालून खिडक्यांतून ताजी यायची. मी २०१४ साली काय केलं? एसी 'वाया जाऊ नये' म्हणून खोलीला प्लास्टिकचं फॉल्स सीलिंग ठोकलं, पाख्याखालचा झरोका बुजवला आणि दोन फळ्यांची लाकडी खिडकी काढून सरकती काच बसवली, जी जेमतेम अर्धी उघडते. झालं काय, कौलं आणि सीलिंग यांच्यामध्ये दिवसभर तापलेली हवा कोंडून राहिली. रात्री दहा वाजतासुद्धा सीलिंगला हात लावला तर इस्त्रीचा कपडा लागल्यासारखं वाटायचं. एसी बिचारा रात्रभर त्या भट्टीशी भांडायचा.

आता आम्ही झरोका पुन्हा उघडला, त्याला बारीक जाळी लावली, आणि सीलिंगच्या वर चंदेरी थराची उष्णतारोधक चादर पसरली. गावातल्याच सुताराने जुनी खिडकी माळ्यावरून काढून परत बसवली. बाबांची वही सांगते : आधी एसी चालू असलेल्या रात्री अख्ख्या घराचं रीडिंग १४ युनिटांच्या आसपास असायचं. आता ते आठवर आलं आहे. यातलं किती नव्या यंत्रामुळे, किती छपरामुळे हे वेगळं काढता येत नाही. पण दुपारी एसी बंद असतानाही ती खोली बसण्यासारखी झाली आहे, हे मात्र नक्की छपरामुळे.

जाता जाता गरम पाण्याचंही. आमच्या न्हाणीत एकेकाळी तांब्याचं भाण चुलीवर असायचं, आता गीझर आहे. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते, आणि त्यात गार पाणी मिसळून दोन बादल्यांच्या जवळपास आंघोळीचं पाणी होतं. वीज वाया जाते ती आंघोळीनंतर चालू राहिलेल्या गीझरमध्ये. थर्मोस्टॅट ५५ च्या आसपास ठेवा. पाणी खारट किंवा जड असेल तर आतली मॅग्नेशियमची कांडी दरवर्षी तपासून घ्या. टाकीऐवजी ती कांडी झिजावी म्हणूनच तिला आत बसवलेलं असतं. ती संपली की टाकीची पाळी येते. शंभर-दोनशे रुपयांच्या कांडीकडे दुर्लक्ष करून लोक टाकी बदलतात.

होळीआधी एवढं करा

आपल्यापैकी बरेच जण गावापासून लांब राहतात. घरी आई-बाबा, आजी-आजोबा असतात आणि ते स्वतःहून काही सांगत नाहीत. म्हणून मार्चमध्येच एक दिवस जाऊन एसी दोन तास चालवून बघा. फिल्टर धुवा. बाहेरची जाळी हाताने तपासा. पाण्याची नळी वाहते का बघा. संध्याकाळी विजेचा दाब मोजा, फार पडत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. आणि चांगल्या मेकॅनिकचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तुमच्या मोबाईलमध्ये तो असून घरच्यांना उपयोग नाही.

आणखी एक. बाबा रात्री दोन वाजता उठून आजीच्या खोलीतला एसी बंद करायचे, बिल वाढतं म्हणून. हे मला दवाखान्यात कळलं. मी चिडलो, पण चूक त्यांची एकट्याची नव्हती. वर्षानुवर्षं मी त्यांना "एसी घेतलाय ना" एवढंच म्हणत आलो. तो चालवायला किती खर्च येतो ते कधी बसून सांगितलं नाही. आता वहीत एक रकाना आहे : 'आजीची खोली', आणि समोर रुपये. एका रात्रीचे वीस-बावीस. तो आकडा दिसल्यापासून बाबा उठत नाहीत.

आजी बरी आहे. एसीचं तिला फारसं कौतुक नाही. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना? रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई. पहाटे पाचला ते सुरू असतात, हवा बऱ्यापैकी गार असते, आणि आजीला ते घड्याळाशिवाय कळतं. मी गेलो की त्या वेळी ती मला हाक मारते, "आता ता बंद कर. खिडकी उगड. वारो येवंदे." मी एसी बंद करतो आणि दोन्ही फळ्या उघडतो. ती पुन्हा झोपते.

पुढच्या लेखात पावसाळ्याआधी घराची वायरिंग आणि अर्थिंग कसं तपासायचं ते बघू. तुमच्या घरच्या एसीचे किस्से मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. पालीचे किस्से असतील तर आधी कळवा.